मुंबईत महापौरपदाला उभं राहून दाखवा

समजा, तुम्हाला मुंबईचं महापौर व्हायचंय. मुद्दा एकच: जो या शहरात राबतो, त्याला या शहरात राहता आलं पाहिजे. गिरणगावातल्या पोराचा संसार गिरणगावातच मांडला जावा, कोळीवाड्यातल्या पोरीला विरारपलीकडे ढकललं जाऊ नये. मुद्दा चोख आहे, माणसंही तुमच्या बाजूची आहेत. उमेदवारी अर्ज कुठे भरणार?

कुठेच नाही. तसा अर्जच नसतो.

मुंबईकर महापौर निवडत नाही, नगरसेवक निवडतो. मग 227 नगरसेवक सभागृहात हात वर करतात आणि अडीच वर्षांसाठी एक महापौर येतो. महापौर कोणत्या प्रवर्गातला, हे सोडतीत ठरतं. 2026 च्या जानेवारीत तर आधी मतदान झालं, निकाल लागला आणि मग सोडत निघाली. ज्या पदासाठी कोण उभं राहू शकतं हेच मतदानानंतर कळतं, त्या पदाच्या उमेदवाराला घरांबद्दल प्रश्न विचारायचा कधी?

मालवणचा मतदार नगराध्यक्ष थेट निवडतो. चिपळूणचाही. 2025 च्या डिसेंबरात दोघांनीही निवडला. इंदूरचा मतदार महापौर थेट निवडतो. देशातल्या सर्वांत श्रीमंत महापालिकेच्या मतदाराला मात्र एवढीही अक्कल नाही, असं आपल्या कायद्याचं मत आहे.

बरं, झालात तुम्ही महापौर. गाडी आली, पायघड्या आल्या. आता घरं बांधा.

नाही बांधता येत.

मुंबई महानगरपालिकेचा कायदा 1888 चा. त्यानुसार कार्यकारी अधिकार आयुक्ताकडे, आणि आयुक्त नेमतं राज्य सरकार. खर्चाच्या चाव्या स्थायी समितीकडे. महापौर सभागृह चालवतो, पाहुण्यांचं स्वागत करतो, पूर आला की गुडघाभर पाण्यात उभा राहून बोलणी खातो. जबाबदारी सगळी, अधिकार काहीच नाही. राणीचं राज्य गेलं, संस्थानं गेली, हा एक कायदा मात्र कुणाला अडचणीचा वाटला नाही.

एकदा बदलून पाहिलं होतं. 1998 मध्ये महापौर परिषदेचा प्रयोग झाला. महापौर आणि त्याचं छोटं मंत्रिमंडळ कारभार करणार होतं. वर्षभरात तो गुंडाळला. प्रयोग फसला म्हणायलाही पुरेसा वेळ मिळाला नाही. मंत्रालयाला दुसरं मंत्रालय नको होतं.

अधिकार कुठे असतात हे महापौराला स्वतःच्या घरावरूनही कळलंय. शिवाजी पार्कचा महापौर बंगला स्मारकाला गेला आणि महापौर राणीच्या बागेतल्या बंगल्यात राहायला गेले. शहराच्या प्रथम नागरिकाचा पत्ताही जिथे वरून बदलतो, तिथे शेवटच्या नागरिकाचं काय?

आता घरांकडे या. मुंबईत घरं कोण बांधतं? म्हाडा, म्हणजे राज्य सरकार. झोपडपट्ट्यांचं कोण बघतं? झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण, म्हणजे राज्य सरकार. वांद्रे-कुर्ला संकुलाच्या जमिनी एमएमआरडीएच्या, म्हणजे पुन्हा तेच. धारावी प्रकल्पही राज्याचा. म्हाडाच्या वसाहतींत तर 2018 पासून बांधकाम परवानगीसुद्धा महापालिका देत नाही, म्हाडाच देते. शहर एक, मालक चार, आणि चौघांचाही साहेब मंत्रालयात.

घटनेची 74 वी दुरुस्ती 1992 ची. बाराव्या परिशिष्टात 18 कामं लिहिली आहेत. त्यात नगरनियोजन आहे, झोपडपट्टी सुधारणाही आहे. ही कामं शहरांकडे जावीत, असं घटनेनं म्हटलं आणि ती शहरांना देणं न देणं राज्यांच्या मर्जीवर ठेवलं. मर्जी अजून झालेली नाही.

पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर माफ करू, हे 2017 च्या पालिका निवडणुकीतलं वचन. कर पालिकेचा, तिजोरी पालिकेची. तरी पूर्ण माफी लागू व्हायला 1 जानेवारी 2022 उजाडला, कारण निर्णय राज्याला घ्यावा लागला. स्वतःचाच कर माफ करायची ज्याला मुभा नाही, तो लाखभर घरांचं आश्वासन देतो तेव्हा आपण टाळ्या का वाजवतो?

गिरण्यांचंच घ्या. 1991 च्या विकास नियमावलीत सरळ हिशोब होता. गिरणीची जमीन विकसित करायची तर एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी, उरलेली मालकाला. लालबाग-परळ-वरळीची शेकडो एकर जमीन. या शहराला पुन्हा कधीच मिळणार नाही अशी संधी होती. 2001 मध्ये राज्य सरकारनं नियम बदलला. वाटणी आता फक्त आवारातल्या मोकळ्या जागेची. गिरणीचं बांधकाम जिथे उभं होतं ती जमीन हिशोबातून बाहेर. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 2006 च्या मार्चमध्ये न्यायालयानं बदललेला नियम उचलून धरला.

एका दुरुस्तीत अख्खं गिरणगाव हातचं गेलं. त्या नियमावर मुंबईकरांचं मत कुणी विचारलं होतं?

तिथले टॉवर आज दादर स्टेशनातूनही दिसतात. ज्यांच्या घामावर त्या गिरण्या चालल्या, त्यांच्याकडून घरांसाठी आलेले अर्ज दीड लाखाच्या वर गेले. कामगार आणि त्यांचे वारस. 1982 च्या संपात उमेदीत असलेली माणसं आज सत्तरी-ऐंशीत आहेत, कित्येक गेली. घरं मिळाली त्यातल्या थोड्यांना. बाकीच्यांना सांगितलं गेलं, शेलूला जा, वांगणीला जा. 2025 च्या जुलैत ही म्हातारी माणसं आझाद मैदानात बसली, ती मुंबईतच घर द्या हे सांगायला. कर्जतची लोकल पकडून नातवंडांनी रोज परळला कामाला यायचं, आणि परळमध्ये घर बांधणाऱ्यानं त्यालाच विकास म्हणायचं.

माझा या सगळ्यावर राग आहे आणि तो मी लपवणार नाही.

फुकट घरांचं वचन आठवतंय? 1995. चाळीस लाख झोपडपट्टीवासीयांना मोफत घरं, म्हणजे साधारण आठ लाख घरं. तीन दशकं झाली. सरकारं आली, गेली, पुन्हा आली. त्या आकड्याच्या निम्म्यालाही आपण पोहोचलेलो नाही. कारण साधं आहे. घर बिल्डरनं बांधायचं, त्याचा खर्च बाजारात विकायच्या इमारतीतून काढायचा. जिथे बाजारभाव चढा, तिथे योजना धावते. मानखुर्द-गोवंडीत रखडते. गरिबाला घर हवंय म्हणून योजना होत नाही, शेजारचा फ्लॅट महाग विकला जातो म्हणून होते.

आणि म्हाडा? 2024 च्या मुंबईच्या सोडतीत 2,030 घरं होती. अर्जदार लाखाहून अधिक. म्हणजे दर पन्नासांत एकाला घर आणि एकोणपन्नासांना पुढच्या सोडतीची तारीख. त्याआधीच्या, 2023 च्या सोडतीत ताडदेवच्या एका टॉवरमधलं घर होतं, किंमत सुमारे साडेसात कोटी. सरकारी गृहनिर्माण मंडळाचं घर! ते घेऊ शकणाऱ्या माणसाला सरकारच्या मदतीची गरज नेमकी कशासाठी होती?

2011 च्या जनगणनेनं दोन आकडे दिले. मुंबईतली चाळीस टक्क्यांहून अधिक माणसं झोपडपट्टीत राहतात. आणि याच मुंबईत पावणेपाच लाखांहून अधिक घरं रिकामी आहेत. घरांचा तुटवडा, घरांचा तुटवडा म्हणून जे रडतात, त्यांनी हे दोन आकडे शेजारी ठेवावेत. माणसांना घर नाही आणि घरांना माणूस नाही.

सातासमुद्रापार काय झालं पाहा.

2025 च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कनं जोहरान ममदानी यांना महापौर निवडलं. आपल्याकडे कौतुक झालं ते आईमुळे. मीरा नायर, ‘सलाम बॉम्बे’वाल्या. आपल्याच फुटपाथवरच्या मुलांचा सिनेमा 1988 साली काढणाऱ्या बाईंचा मुलगा, म्हणून पेढे वाटायचेच काय ते बाकी होते. पण त्यांच्या मुलानं मतं कशावर मागितली, हे किती जणांनी वाचलं?

भाड्यावर. भाडेवाढ गोठवेन, एवढी तीन-चार वर्षांच्या पोरालाही कळेल अशी घोषणा. त्या शहरात सुमारे दहा लाख घरांचं भाडं दरवर्षी किती वाढेल, हे नऊ जणांचं मंडळ ठरवतं. आणि त्या नऊच्या नऊ जणांना महापौर नेमतो. म्हणजे घोषणेमागे चावी होती. आधीचे एक महापौर बिल डी ब्लासिओ यांच्या कारकिर्दीत एक वर्षाच्या करारांचं भाडं तीनदा गोठलंही होतं. मतदाराला ठाऊक होतं, हा माणूस जे बोलतोय ते त्याच्या हातात आहे. वीस लाखांहून अधिक लोक मतदानाला उतरले.

सगळं त्याच्याही हातात नाही. श्रीमंतांवर कर वाढवायचा तर राज्याच्या राजधानीत जावं लागतं, बस फुकट करायची तरी राज्याच्याच संस्थेशी गाठ पडते. भाडं गोठवलं की जुन्या इमारतींची डागडुजी कोण करणार, हा प्रश्नही खरा आहे. आपल्या भाडं गोठलेल्या उपकरप्राप्त इमारतींनी त्याचं उत्तर पावसाळ्या-पावसाळ्याला कोसळून दिलंय. पण तिथे वाद तरी घालता येतो. वचन कुणी दिलं, कुणी मोडलं, याचा चेहरा समोर असतो. आपल्याकडे वचन एकाचं, अधिकार दुसऱ्याचा, सही तिसऱ्याची. जाब कुणाला विचारणार?

दुसरं उदाहरण त्याहून लहान आणि मला त्याहून मोलाचं वाटतं. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात बर्लिंग्टन नावाचं गाव आहे. वस्ती चाळीस हजारांच्या आसपास. आपल्या एका प्रभागातही त्याहून जास्त माणसं राहतात. तिथे 1981 मध्ये बर्नी सँडर्स महापौर झाले, अवघ्या दहा मतांनी. सरोवराच्या काठावर धनिकांचे मनोरे येऊ घातले होते. बर्लिंग्टन विकायला काढलेलं नाही, हा त्यांचा पवित्रा होता.

पवित्रे आपल्याकडेही भरपूर आहेत. त्यांनी पुढे काय केलं ते महत्त्वाचं.

1984 मध्ये पालिकेनं दोन लाख डॉलर देऊन एक भूमी न्यास उभा केला. रीत अशी: जमीन न्यासाची, तिच्यावरचं घर माणसाचं. जमिनीची किंमत वजा झाल्यामुळे घर स्वस्त पडतं. पुढे घर विकायचं झालं, तर वाढलेल्या किमतीतला ठरावीक हिस्साच विकणाऱ्याला मिळतो. बाकीचा घरातच राहतो, म्हणून पुढच्या माणसालाही ते झेपतं. एकदा स्वस्त झालेलं घर कायम स्वस्त. आज त्या न्यासाकडे भाड्याची आणि मालकीची मिळून दोन हजारांहून कितीतरी अधिक घरं आहेत.

आपल्याकडे काय होतं? स्वस्त घर लॉटरीत लागतं, पाच वर्षांची अट संपते आणि ते बाजारभावानं विकलं जातं. सरकारनं दिलेली सवलत एका कुटुंबाच्या खिशात जाते. त्या कुटुंबाला दोष नाही, त्याला तेवढीच संधी मिळाली. पण शहराच्या हाती काय उरलं?

‘हे परदेशात चालतं, आपल्याकडे नाही.’ हे वाक्य तुमच्या ओठांवर आलंय. मग जरा मागे जाऊ.

1896 मध्ये मुंबईत प्लेग आला. 1898 मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्यानं दादर-माटुंगा वसवलं, हिंदू कॉलनी आणि पारशी कॉलनीचे भूखंड दिले. विकले नाहीत, भाडेपट्ट्यानं दिले. जमीन ट्रस्टची, इमारत राहणाऱ्याची. त्याच ट्रस्टनं कामगारांसाठी बीआयटी चाळी बांधल्या. परळच्या बीआयटी चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर राहिले. ट्रस्टची पापंही होती. घरं पाडली जास्त, बांधली कमी, गरीब वस्त्या उठवून मध्यमवर्ग वसवला. पण 1933 मध्ये ट्रस्टचा कारभार महापालिकेकडे आला आणि त्याबरोबर जमिनी आल्या. हजारो भूखंड आजही पालिकेच्या मालकीचे, भाडेपट्ट्यावरचे आहेत.

बर्लिंग्टननं 1984 ला जे सुरू केलं, त्याचं अर्धं सामान मुंबई पालिकेच्या दप्तरात नव्वदहून अधिक वर्षांपासून पडून आहे.

त्याचं आपण काय केलं? 2024 मध्ये पालिकेनं स्वतःचे भूखंड लिलावाला काढले. वरळीचा डांबर प्रकल्पाचा, क्रॉफर्ड मार्केटजवळचा. दीर्घ भाडेपट्टा, जो जास्त बोली लावेल त्याला. तेव्हा सभागृह कुठे होतं? नव्हतंच. 2022 च्या 7 मार्चला मुदत संपली आणि 2026 च्या जानेवारीपर्यंत निवडणूकच झाली नाही. जवळजवळ चार वर्षं प्रशासकाचं राज्य. वरळीत पालिकेची मोकळी जमीन निघते आणि ती घरांना द्यावी का, एवढं विचारायलाही एक नगरसेवक नाही.

जिच्या एका वर्षाचा, 2025-26 चा, अर्थसंकल्प 74,427 कोटींचा होता, तिला जमीन लिलावाला काढून पोट भरावं लागत असेल तर दुखणं पैशाचं नाही.

पालिकेच्या सफाई कामगारांचं बघा. अठ्ठावीस हजारांच्या आसपास माणसं, त्यांना सेवानिवासस्थानं पाच-साडेपाच हजार. तीही नोकरी आहे तोवर. निवृत्त झालात, खोली सोडा. म्हणून बापाच्या जागी मुलगा झाडू हातात घेतो. खोली टिकवायला. पिढ्यान् पिढ्या एका समाजाला गटारात उतरवणारी ही व्यवस्था पालिकेची स्वतःची आहे. इथे म्हाडा आडवी येत नाही, केंद्र आडवं येत नाही. मालकी हक्काची घरं द्यायला यांना कुणी अडवलंय?

आणि माहुल. प्रकल्पग्रस्तांना उचलून तिथे नेऊन टाकलं. भोवती तेलशुद्धीकरण आणि रसायनांचे कारखाने, हवा अशी की माणसं आजारी पडू लागली. 2019 मध्ये उच्च न्यायालयानं तिथे जाणं नाकारणाऱ्यांना महिना पंधरा हजार रुपये भाडं द्यायला सांगितलं. पुढे 2025 मध्ये पालिकेनं तिथलीच 9,098 घरं स्वतःच्या कर्मचाऱ्यांना विकायला काढली, 12 लाख 60 हजारांना एक. मुंबईत तेरा लाखांच्या आत घर! उड्या पडायला हव्या होत्या. अर्ज आले मूठभर. किंमत कमी केली की झालं, असं मानणाऱ्यांना पालिकेच्या शिपायानं उत्तर दिलंय. त्याला घर हवंय, श्वासही हवाय.

हा धडा घेतला का? धारावीच्या ‘अपात्रां’साठी कुठली जमीन निघाली? देवनारची कचराभूमी. 124 एकर. कचऱ्याचा डोंगर हटवायला पालिकेनं काढलेली निविदा दोन हजार कोटींच्या वरची.

धारावीत नुसती घरं नाहीत. कुंभारवाडा आहे, चामड्याचे गाळे आहेत, अख्ख्या मुंबईचं प्लास्टिक निवडणारा तेरा कंपाउंड आहे. खाली भट्टी, वर संसार. 1 जानेवारी 2000 च्या आधीचा तळमजल्यावरचा रहिवासी पात्र, त्याला धारावीतच साडेतीनशे चौरस फूट. त्याच्या डोक्यावर माळ्यावर राहणारा मात्र बाहेर. दोघं एकाच भट्टीवर काम करतात. एकाला धारावीत ठेवून दुसऱ्याला देवनारला पाठवलं, तर भट्टी कोण पेटवणार? वस्ती वाढवायची तर तिचा धंदा तिच्याबरोबर वाढला पाहिजे. बाराव्या मजल्यावर चाक फिरत नाही.

2026 च्या निवडणुकीत घरं प्रत्येक मोठ्या पक्षाच्या जाहीरनाम्यात होती. मतदान झालं निम्म्याहून थोडं जास्त. उरलेल्यांना आळशी म्हणायची फॅशन आहे. मी म्हणणार नाही. ज्या मतानं ना महापौर निवडता येतो, ना घराचा निर्णय बदलतो, ते द्यायला रांगेत उभं राहिलेल्यांचंच मला अप्रूप वाटतं.

महापौर थेट निवडला पाहिजे. त्याला पाच वर्षं मिळाली पाहिजेत, आयुक्त त्याच्या हाताखाली हवा आणि मुंबईतल्या घरांचा कारभार त्याच्या टेबलावर यायला हवा. कायदा विधिमंडळ बदलू शकतं. मुंबईतून 36 आमदार तिथे जातात. या मागणीसाठी छत्तिसांनी मिळून एकदा तरी सभागृह अडवल्याचं कुणाला आठवतंय?

तोवर हात बांधून बसायचं कारण नाही. नगरसेवक निवडून आलेत, सभागृह पुन्हा भरलंय. मुंबईच्या विकास नियमावलीत एक तरतूद आहे: 4,000 चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर बांधकाम करणाऱ्यानं वीस टक्के घरं अल्प उत्पन्नवाल्यांसाठी बांधायची. 2034 च्या विकास आराखड्यानं दहा लाख परवडणाऱ्या घरांची भाषा केली होती, ती 2018 मध्ये. आठ वर्षं होत आली.

तुमच्या प्रभागात 2018 नंतर असे मोठे भूखंड किती उठले? वीस टक्क्यांची घरं कुठल्या इमारतीत आहेत, आणि त्यांत राहतंय कोण? पालिकेचे कुठले भाडेपट्टे संपलेत आणि त्यांचं नूतनीकरण कुठल्या दरानं होतंय? यातलं काहीही मंत्रालयाच्या कुलपात नाही. हे सगळं पालिकेच्याच विभागांत, पालिकेच्याच फायलींत आहे. प्रभाग समितीची बैठक महिन्याला होते. तुमच्या नगरसेवकानं या तीन याद्या पुढच्या बैठकीत मागाव्यात आणि मिळाल्या की वॉर्ड ऑफिसच्या फलकावर लावाव्यात, नावानिशी.